धुरावरून अग्नि : खेळाडूंच्या रक्तांतील खुणा

पर्वतावर धूर दिसतो, त्या अर्थी तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमानाचें उदाहरण न्यायशास्त्राचें पहिलें पुस्तक हातीं घेतलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. अग्नि डोळ्यांस दिसत नाहीं. दिसतो तो केवळ धूर. परंतु धूर व अग्नि यांचें नित्य साहचर्य, म्हणजे व्याप्ति, एकदां पक्की ठरली कीं न दिसणाऱ्या अग्नीविषयींही आपण निःशंक होतों. मात्र नैयायिक एवढ्यावर थांबत नाहींत. दिसला तो धूरच कशावरून, सकाळचें धुकें किंवा गुरांच्या खुरांनीं उडालेली धूळ कशावरून नव्हे? आणि व्याप्ति ठरविली ती किती ठिकाणीं पाहून ठरविली? हे शेंकडों वर्षांपूर्वींचे प्रश्न सांप्रत मोठ्या हिरीरीनें विचारले जात आहेत, ते पाठशाळांतून नव्हेत. खेळाडूंचें रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांत, आणि त्या प्रयोगशाळांच्या निर्णयांवरील तक्रारी ऐकणाऱ्या लोझान येथील क्रीडा-लवाद न्यायालयांत ते विचारले जातात. वाढीचें हार्मोन टोंचून घेऊन शर्यतींत उतरणारा खेळाडू ओळखावा कसा, हा तेथील वाद आहे. आमच्या ज्या वाचकांस खेळांची फारशी गोडी नाहीं, त्यांनींही तो समजून घ्यावा असें आम्हांस वाटतें. कारण त्यांत पदकांबरोबर माणसांची अब्रूही पणास लागलेली असते.

प्रथम हें हार्मोन म्हणजे काय तें पाहूं. मेंदूच्या खालच्या अंगास वाटाण्याएवढी एक ग्रंथि असते, तिला पिट्यूटरी म्हणतात. तिच्यांतून जे स्राव थेट रक्तांत उतरतात त्यांपैकीं वाढीचें हार्मोन हा एक. बालपणीं हाडें लांब होतात तीं मुख्यतः याच्या योगानें. तें कमी पडलें तर मूल खुजें राहतें. आणि पोक्त वयांत ग्रंथीस गांठ होऊन तें बेसुमार वाहूं लागलें तर हात, पाय, नाक व जबडा हे अवयव वाढत जातात. पिएर मारी या फ्रेंच वैद्यानें १८८६ सालीं या विकारास अ‍ॅक्रोमेगॅली असें नांव दिलें. वाढ पुरी झाल्यावरही या हार्मोनचें काम संपत नाहीं. तें चरबी जाळतें, आणि स्नायु, अस्थि व त्यांस बांधणारे तंतु यांची झीज भरून काढण्यास मदत करतें. शरीर तें सारखें पाझरत ठेवीत नाहीं. झटक्याझटक्यानें सोडतें, आणि त्यांतील मोठा वांटा रात्रीं गाढ झोप लागल्यावर सोडतें.

१९५८ सालीं अमेरिकेंत मॉरिस रेबन यांनीं मृत माणसांच्या पिट्यूटरींतून हें हार्मोन काढून एका खुज्या मुलास टोंचलें व त्याची उंची वाढल्याचें प्रसिद्ध केलें. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ मृतांच्या ग्रंथि हेंच या औषधाचें एकमेव उगमस्थान होतें. १९८५ सालीं एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. पूर्वीं हें औषध घेतलेल्या कांहीं तरुणांस क्रॉइट्सफेल्ट-याकोब नांवाचा, मेंदू पोखरणारा असाध्य रोग जडला होता; ग्रंथींबरोबर त्या रोगाचें बीजही त्यांच्या शरीरांत गेलें होतें. अमेरिकेंत तें औषध तत्काळ बंद झालें, आणि त्याच वर्षीं सूक्ष्म जंतूंकडून तयार करविलेलें, त्या दोषापासून मुक्त असें हार्मोन विकण्यास तेथें परवानगी मिळाली. ज्या मुलांच्या अंगीं हा स्राव मुळांतच कमी, त्यांच्या आईबापांस हें वरदान वाटलें तर नवल नाहीं, आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीं होणाऱ्या त्या उपचाराविषयीं आम्हांस येथें कांहींच म्हणावयाचें नाहीं. पण जें पूर्वीं थेंबाथेंबानें मिळे तें आतां हवें तेवढें तयार होऊं लागलें, आणि त्याची एक वाट रुग्णालयाबाहेर, व्यायामशाळेकडे फुटली.

१९८८ सालीं सोल येथें शंभर मीटरांची शर्यत जिंकणाऱ्या बेन जॉन्सनचें सुवर्णपदक काढून घेतलें गेलें, हें पुष्कळांस स्मरत असेल. त्याच्या लघवींत सांपडलें होतें तें स्टॅनोझोलोल हें निराळेंच द्रव्य. वाढीचें हार्मोनही आपण घेत होतों, हें पुढल्या वर्षीं कॅनडा सरकारच्या चौकशींत त्यानें स्वतःच्या तोंडानें सांगितलें. कोणत्याही प्रयोगशाळेस तें शोधतां आलें नव्हतें. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें १९८९ सालीं या हार्मोनवर बंदी घातली. पण तें ओळखण्याची कसोटी मात्र कोणाच्याच हातीं नव्हती. अशी बंदी प्रामाणिक माणसांसच बांधते. १९९८ च्या जानेवारींत पर्थ येथील जागतिक जलतरण स्पर्धेसाठीं निघालेल्या युआन युआन या चिनी मुलीच्या सामानांत, थर्मासच्या बाटलींत दडविलेल्या या हार्मोनच्या १३ कुप्या सिडनीच्या विमानतळावर जकात अधिकाऱ्यांस सांपडल्या. त्याच वर्षींच्या जुलैंत फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतीच्या तोंडावर फेस्टिना संघाच्या एका नोकराची मोटार बेल्जमच्या सरहद्दीजवळ अडविली गेली, तींतही इतर औषधांबरोबर हें निघालें. अर्थात् जे पकडले गेले ते जकातवाल्यांनीं पकडले, वैद्यांनीं नव्हे.

मनुष्याचें बळ यानें खरोखर वाढतें काय, असें कोणी विचारील. उत्तर वाटतें तितकें सरळ नाहीं. अंगावरील चरबी घटते व वजन-मापांत ‘सुकें’ मांस वाढलेलें दिसतें. पण त्यांत पाण्याचा भाग पुष्कळ असतो, आणि नुसत्या बळाच्या मोजणींत फरक पडल्याचें निश्चित दिसून आलेलें नाहीं. सिडनी येथें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हौशी खेळाडूंस आठ आठवडे हें हार्मोन दिलें, तेव्हां अल्पकाळ जोरानें सायकल मारण्याची त्यांची शक्ति सुमारें ४ टक्क्यांनीं वाढली. पुरुषांस टेस्टोस्टेरॉनची जोड दिली तेव्हां ती वाढ ८ टक्क्यांवर गेली. ज्या शर्यतींत पहिला आणि चौथा यांच्यामध्यें सेकंदाचा एक लहानसा अंश असतो, तेथें ४ टक्के म्हणजे काय हें सांगावयास नको. आणि खेळाडू हीं द्रव्यें क्वचितच एकेकटीं घेतात.

आतां मुख्य अडचण. प्रयोगशाळेंत बनलेलें हार्मोन आणि आपल्या ग्रंथींतून पाझरणारें मुख्य हार्मोन यांच्या रचनेंत कांहींएक भेद नाहीं. दोहोंच्या सांखळींत १९१ दुवे, आणि तेही त्याच क्रमानें. रक्तांत शिरल्यावर त्याचा निम्मा अंश कांहीं मिनिटांतच नाहींसा होतो. लघवींत तें इतकें अत्यल्प उतरतें कीं तपासून उपयोग नाहीं. व्यायामानें व झोपेनें तें आपोआपच उसळतें, तेव्हां एका क्षणीं रक्तांत तें भरपूर सांपडलें एवढ्यावरून कोणास दोष देतां येत नाहीं. चोरीचा माल व घरचा माल हुबेहूब सारखा, त्यांतून घरचा माल दर तासाला कमीजास्त होणारा. असा हा खटला आहे.

यांतून दोन वाटा निघाल्या. पहिली जर्मनींत ख्रिश्चन श्ट्रासबुर्गर व त्यांचे सहकारी यांनीं काढली व १९९९ सालीं प्रसिद्ध केली. ती समजण्यास घरांतील भाजणीचा दृष्टांत पुरेसा आहे. आपल्या ग्रंथींतून हार्मोनचा एकच प्रकार येत नाहीं. २२ हजार डाल्टन वजनाचा मुख्य प्रकार, त्याहून थोडा हलका २० हजारांचा, आणि इतर कांहीं, असें तें मिश्रण असतें. टोंचण्याच्या औषधांत मात्र निव्वळ २२ हजारांचा एकच प्रकार असतो. भाजणींत कोणी मूठ मूठ तांदुळाचें पीठ मिसळीत गेलें तर तांदूळ नवा नसला तरी प्रमाण बिघडतें, तसेंच हें. शिवाय बाहेरून पुरवठा झाला कीं ग्रंथि आपलें काम आखडतें घेते, त्यामुळें प्रमाण आणखीच एकांगी होतें. ही कसोटी अथेन्सच्या २००४ सालच्या ऑलिंपिकमध्यें प्रथम वापरली गेली. पण तिला दिसतें तें जेमतेम एका दिवसापुरतें, फार तर दीड दिवसापुरतें. स्पर्धेच्या दोन दिवस आधीं टोंचणें थांबविलें कीं काम झालें. पहिला दोषी सांपडण्यास २०१० चा फेब्रुवारी उजाडला. टेरी न्यूटन या इंग्रज रग्बीपटूचा नमुना आदल्या नोव्हेंबरांत, स्पर्धा नसतांना, अचानक जाऊन घेतला होता.

दुसरी वाट खऱ्या अर्थानें धुरावरून अग्नि ओळखण्याची. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील पीटर सोंक्सेन यांनीं असा विचार मांडला कीं, हार्मोन स्वतः पळून जात असलें तरी तें शरीराकडून जें काम करवून घेतें त्याच्या खुणा मागें राहतातच. त्या कामाच्या खुणांवर नजर ठेवावी. पुष्कळ पदार्थ तपासून त्यांनीं दोन निवडले. पहिला, आय्. जी. एफ्. या अक्षरांनीं ओळखला जाणारा. हार्मोनच्या आज्ञेनें मुख्यतः यकृत तो तयार करतें. दुसऱ्यास पी-थ्री-एन्-पी म्हणतात. शरीरांत नवे तंतु विणले जातांना प्रत्येक धाग्याच्या टोकाचा एक तुकडा छाटला जातो. विणकराच्या मागाखालीं कातरण सांठावें तसा तो रक्तांत सांठतो. पहिली खूण लवकर चढते व लवकर उतरते. दुसरी सावकाश चढते आणि पुष्कळ दिवस रेंगाळते. त्यामुळें एक दिवसाची खिडकी रुंद होऊन आठवडा-दोन आठवड्यांची झाली.

दोनच खुणा कां, आणि एक कां पुरत नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. कारण या कसोटीचा सारा प्रामाणिकपणा त्यांत आहे. खेळाडूचें हाड मोडलें, स्नायु फाटला, तर तो सांधतांना नवे तंतु विणले जातात आणि दुसरी खूण वाढते. त्यानें कांहीं टोंचून घेतलेलें नसतें. धूर दिसतो पण अग्नि नसतो. नैयायिक यास सव्यभिचार हेतु म्हणतील. परंतु दुखापतीनें पहिली खूण चढत नाहीं. दोन्ही मिळून चढल्या तरच संशय बळावतो. पुन्हां, पहिली खूण वयाबरोबर उतरत जाते, आणि स्त्रीपुरुषांच्या शरीरांचें वागणेंही भिन्न. म्हणून स्त्रियांचें गणित वेगळें, पुरुषांचें वेगळें, व दोहोंत वयाची वजावट. हीं सारीं मापें एका सूत्रांत घालून शेवटीं एक आंकडा निघतो, आणि त्या आंकड्यावर खेळाडूचें भवितव्य ठरतें.

या कामासाठीं युरोपीय संघ व ऑलिंपिक समिति यांच्या पैशानें १९९६ सालीं मोठी योजना आरंभिली गेली. लंडन, डेन्मार्कमधील ऑर्हूस, स्वीडनमधील गोथेनबर्ग व इटलींतील नेपल्स येथें स्वयंसेवकांस २८ दिवस हार्मोन अथवा नुसतें पाणी टोंचलें गेलें. कोणास काय मिळतें हें देणाऱ्यासही ठाऊक नव्हतें व घेणाऱ्यासही नव्हतें. निराळ्या बाजूनें, आठशेंहून अधिक नामांकित खेळाडूंचें रक्त स्पर्धा संपतांच घेऊन निरोगी माणसांत या खुणा किती उंच जातात हें पाहिलें. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपूर्वीं कसोटी तयार व्हावी हा हेतु होता. ती तेथें वापरली गेली नाहीं. तपासलेले बहुतेक लोक गोऱ्या युरोपीय वंशाचे. आफ्रिकेच्या किंवा आशियाच्या खेळाडूच्या रक्ताचा स्वभाव तसाच असेल हें कशावरून, असा आक्षेप निघाला. आमच्या मतें हा आक्षेप सर्वथा योग्य होता. चार गांवचे पर्वत पाहून सर्व पृथ्वीची व्याप्ति ठरवितां येत नाहीं. पुढें साउथॅम्टन येथें रिचर्ड होल्ट यांच्या नेतृत्वाखालीं निरनिराळ्या वंशांच्या खेळाडूंचें रक्त तपासलें गेलें, आणि वंशावंशांतील भेद हे एकाच वंशांतील माणसामाणसांमधील भेदांपुढें अल्प आहेत असें दिसलें, तेव्हां तो आक्षेप मिटला. त्यांतच आणखी विघ्न आलें. ज्या तयार संचांनीं हीं मापें घेतलीं त्यांपैकीं कांहीं संच कारखानदारांनीं बाजारांतून काढून घेतले. नवा संच जुन्याशीं नेमका जुळत नाहीं. म्हणजे वजनें बदललेल्या तराजूवर पुन्हां पहिल्यापासून सारें तोलणें आलें. या कटकटींत वर्षें गेलीं.

आतां त्या रेघेविषयीं. आंकडा कितीच्या पुढें गेला म्हणजे खेळाडू दोषी? आम्हीं हयातभर परीक्षेचे पेपर तपासले आहेत. पस्तीस गुणांच्या रेघेवर उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहून वाटणारी अस्वस्थता शिक्षकाच्या परिचयाची असते. पण तेथें नापास झालेला मुलगा पुढल्या वर्षीं पुन्हां बसूं शकतो. येथें चुकून रेघेपलीकडे ढकलला गेलेला माणूस आयुष्यभर ठक म्हणून ओळखला जातो. म्हणून संशोधकांनीं रेघ फार उंच ओढली: दहा हजार निर्दोषांमागें एकाहून अधिक जण चुकून सांपडूं नये, एवढी. याचा अर्थ उघड आहे. बेतानें, थोडें थोडें टोंचून घेणारे पुष्कळ धूर्त त्या रेघेखालून सुटणार. आमच्या कित्येक मित्रांस हा भोळेपणा वाटतो. आम्हांस तो न्याय वाटतो. मात्र इतकी दुर्मिळ चूक मोजावयाची तर आधारासाठीं किती माणसें तपासलीं पाहिजेत, हा प्रश्न त्यांतूनच उभा राहतो.

तो प्रश्न आंद्रुस वीरपालू याच्या खटल्यांत ऐरणीवर आला. बर्फावर लांकडी पट्ट्यांनीं धांवणारा हा एस्टोनियाचा वीर. २००२ व २००६ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें त्यानें सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. लहानशा देशांत असा माणूस म्हणजे घराघरांतील देव. २०११ च्या जानेवारींत घेतलेल्या त्याच्या रक्तांत वर सांगितलेलें भाजणीचें प्रमाण बिघडलेलें आढळलें, आणि त्यास तीन वर्षें बंदी झाली. त्यानें लोझान येथें दाद मागितली. २०१३ च्या मार्चमध्यें न्यायालयानें निकाल दिला तो वाचण्यासारखा आहे. न्यायाधीश म्हणाले कीं, ही कसोटी शास्त्रदृष्ट्या विश्वसनीय आहे. इतकेंच नव्हे तर या खेळाडूनें हार्मोन घेतलें असावें असें सुचविणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. तरीही दोषाची रेघ ओढतांना ‘वाडा’नें वापरलेले नमुने थोडे, त्यांतून कांहीं गणतींतून वगळलेले, आणि त्या आंकड्यांच्या पसरणीविषयीं मांडलेलें गणितही अपुरें, म्हणून रेघ बरोबर ठरविली गेली असें सिद्ध झालें नाहीं, आणि बंदी रद्द. येथें ‘वाडा’ म्हणजे जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्था; पुण्याच्या वाचकांनीं भलतीच वास्तु डोळ्यांपुढें आणूं नये.

मनांत दाट संशय असतां आरोपीस सोडणें न्यायाधीशास किती कठीण जात असेल! परंतु त्यांनीं धूर नाकारला नाहीं. व्याप्तीची मोजणी कच्ची आहे एवढेंच दाखविलें, आणि ती पुरी करण्याचें ओझें आरोप करणाऱ्यावर टाकलें. त्याचा सुपरिणामही झाला. ‘वाडा’नें अधिक नमुने जमवून मर्यादा पुन्हां तपासल्या. पात्रिक झिंकेविट्स हा जर्मन सायकलपटू २०११ सालींच याच कसोटींत सांपडून स्वदेशींच्या लवादापुढें सुटला होता. त्याच्यावर २०१४ सालीं लोझान येथें आठ वर्षांची बंदी कायम झाली. दरम्यान खुणांची दुसरी कसोटीही, तिच्या आरंभापासून सोळा वर्षांनीं, लंडनच्या २०१२ सालच्या स्पर्धांत वापरांत आली, आणि तेथील पॅरालिंपिकमध्यें दोन रशियन भारोत्तोलक तिच्यामुळें सांपडले.

या दुसऱ्या कसोटीचा आणखी एक गुण असा कीं, आतां कित्येक खेळाडू हार्मोन न टोंचतां, ग्रंथीस डिवचून तिच्याकडूनच जादा स्राव काढविणारीं द्रव्यें घेतात. भाजणीच्या कसोटीस तेथें कांहींच दिसत नाहीं, कारण येणारा माल सारा घरचाच. पण काम झालें कीं खुणा चढावयाच्याच. अग्नि कोणत्याही लांकडाचा असो, धूर तोच.

सगळ्या जगाशीं तुलना करून रेघ ओढण्याऐवजीं प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशींच करावी, हा विचार आतां पुढें आला आहे. मुलांच्या वाढदिवशीं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनें खूण करण्याची चाल पुष्कळ घरांत असते. थोरला उंच आणि धाकटा बुटका, यावरून कोणी संशय घेत नाहीं. पण धाकटा एका महिन्यांत चार बोटें वाढला तर आई डॉक्टरांकडे नेते. रक्तासाठीं अशी चौकट ‘वाडा’नें २००९ सालापासून चालविली होती, या दोन खुणांसाठीं ती २०२३ सालीं सुरू झाली. खेळाडूचें रक्त वर्षांतून अनेकदां घेतात, त्याच्या पूर्वींच्या आंकड्यांवरून त्याच्यापुरती मर्यादा गणितानें ठरते, आणि ती ओलांडली गेली तर तज्ज्ञ तें प्रकरण हातीं घेतात. यामुळें स्वभावतःच उंच आंकडा असणारा निर्दोष मनुष्य वांचतो, आणि जगाच्या रेघेखालीं दडून राहणारा धूर्त उघडा पडण्याचा संभव वाढतो. आम्हांस ही पद्धति पहिलीहून अधिक न्याय्य वाटते.

तथापि चौकटीवरची पहिली खूणच खोटी असेल तर? जो कोवळ्या वयापासून हार्मोन घेत आला त्याचे पहिले आंकडे आधींच चढलेले असणार, आणि गणित तेच त्याचे स्वाभाविक आंकडे म्हणून धरून चालणार. शिवाय जलतरण, व्यायामी कसरती अशा कित्येक खेळांत चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें-मुली जगाच्या मैदानांत उतरतात. त्या वयांत शरीर स्वतःच वाढीच्या भरांत असतें, आय्. जी. एफ्. ची मात्रा आयुष्यांत जेवढी कधींच नसते तेवढी निसर्गतःच तेव्हां असते, आणि महिन्यामहिन्यानें बदलते. अशा मुलाच्या रक्तांत दिसलेला धूर यौवनाचा कीं सुईचा, हें निवडून सांगणें प्रयोगशाळांस आज सर्वांत अवघड जातें.